बांध ओलांडणारी पावले

खाडीकाठी एक जंगल होते आणि त्या जंगलात, करंजाच्या झाडावर, एक साळुंकी राहत असे. एके सकाळी तिच्या कानावर अर्धेच वाक्य पडले : "बांध चालणाऱ्यांना बंद…" झाडाखाली साळिंदर घोरपडीशी काहीतरी बोलत होता. पुढचे ऐकायला साळुंकी थांबलीच नाही. भुर्रकन उडाली आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत तिने ती बातमी सगळ्या जंगलाला सांगून टाकली.

बाळांनो, ही साळुंकी मनाने वाईट नव्हती बरे. कोणाच्या बिळात कोण आजारी आहे, कोणाच्या घरट्यात काल भांडण झाले, हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. पण आजाऱ्याच्या दाराशी पहिली पोचणारीही तीच असे. फक्त तोंडात आलेली गोष्ट तिला गिळता येत नसे. अशी एखादी शेजारीण तुमच्याही आळीत असेल.

आता बांधाचे सांगते. जंगल आणि समोरचे बेट यांच्यामध्ये एक जुना मातीचा बांध होता. त्याच्या एका अंगाला खाडीचे खारे पाणी, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचे तळे. बेटावर ऐन उन्हाळ्यातही कोवळे गवत आणि कंद मिळत, म्हणून सगळ्यांची ये-जा त्या बांधावरून असे. पण बांध फार खराब झाला होता. कुठे मुळे वर आलेली, कुठे खेकड्यांनी पोखरलेले. मागच्या वर्षी रानडुकरिणीचे एक पिल्लू तिथून घसरले आणि भरतीच्या पाण्यात गेले, ते परत आले नाही. तेव्हापासून सगळ्यांच्या मनात होते, की बांधावर एक नीट, सपाट वाट करावी. आखणीचे काम साळिंदराकडे दिले, कारण त्याची रेघ सरळ येई आणि खुणेला रोवायचे खुंट त्याच्या अंगावर आयतेच होते. गळलेला एकेक काटा तो जमिनीत खोचून ठेवी.

त्या जंगलात कोणतीही सामाईक गोष्ट ठरवायची म्हणजे पाऊलसभा भरत असे. फार पूर्वी तिथे सभा आवाजावर चाले. ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे, आणि लहानसहान प्राणी नुसते माना हलवून घरी जात. म्हणून जुन्या शहाण्यांनी नवा नियम केला. ओहोटी लागली, की बांधाच्या पायथ्याचा चिखल उघडा पडतो. ज्याला काही हवे-नको असेल त्याने तिथे यावे, चिखलात पाऊल उमटवावे आणि मग बोलावे. पाऊल दिसले तरच बोलणे धरायचे. रानडुकराचे पाऊल एक आणि खेकड्याचेही एकच. नियम चांगला होता. कोणालाही त्यात खोट दिसली नव्हती.

या वेळीही तीन दिवसांच्या तीन ओहोट्या ठरल्या. पण साळुंकीची बातमी चिखल उघडा पडण्याच्याही आधी सगळीकडे पसरली होती. चालणाऱ्यांना बांध बंद होणार, म्हणजे धावणाऱ्यांना मोकळा होणार, असा अर्थ सगळ्यांनी आपापल्या मनाने काढला. पहिल्या दिवशी रानडुकरीण आपल्या पिल्लांना घेऊन आली ती तापलेलीच. तिने सशाला विचारले, त्याचे कान लांब झाले म्हणून बांध त्याचा झाला का. ससाही काही कमी नव्हता.

"काकू, तुम्ही एकदा चालायला लागलात की मागे निम्मं जंगल खोळंबतं," तो म्हणाला. "आम्ही काय, तुमच्या शेपटीकडे बघत म्हातारं व्हायचं?"

हशा पिकला. मग शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा पुढे आला. त्याचे दुःख निराळे होते. त्याचा गोळा चांगल्या वाटेवर भराभर पळे, पण जरा उतार लागला की घरंगळत पाण्यात जाई. त्याला वेगळी, गुळगुळीत पट्टी हवी होती आणि तिच्या दोन्ही कडांना दगड हवे होते. यावर कोणीतरी म्हणाले, की शेणासाठी राजरस्ता मागणारा हा पहिलाच. पुन्हा हशा.

साळिंदराने दोनतीनदा सांगून पाहिले, की आपले वाक्य पुरे ऐकले असते तर हे भांडणच झाले नसते. वाट बांधून होईपर्यंत चार दिवस बांध चालणाऱ्यांना बंद ठेवावा लागेल, एवढेच तो घोरपडीला सांगत होता. पण तोवर चालणारे एका बाजूला आणि धावणारे दुसऱ्या बाजूला झाले होते. पहिला दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी खुलासा सगळ्यांना पटला आणि सगळा राग साळुंकीवर निघाला. ती दिसली की ससा विचारी, "काय मावशी, आज कोणती अर्धी आणलीत? उरलेली अर्धी उद्या का?" पिल्लेसुद्धा तिला अर्धीमावशी म्हणू लागली. साळुंकी वरवर हसली, पण हे तिला फार लागले.

तळ्यात एक म्हातारी कासवीण राहत असे. तिच्याकडे बातम्या नेहमीच उशिरा पोचत. ती बांधावरून बेटावर कधी जात नसे. वर्षातून एकदा ती तळ्यातून निघे, बांध आडवा ओलांडी, पलीकडे खाडीच्या काठी भरतीचे पाणी पोचत नाही अशा वाळूत अंडी घाली आणि परत येई. पिल्ले निघाली की पाण्याचा वास घेत घेत तळ्याकडे येत. या वर्षीची अंडी घालून दोन महिने होत आले होते. थोड्याच दिवसांत पिल्ले निघायची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साळुंकी तिच्याकडे आपले दुःख सांगायला गेली. सगळे जंगल कसे हसले, ससा कसा टोचून बोलला, हे सांगता सांगता दोन्ही कडांना दगड बसणार हेही तिने सांगितले. कासविणीने मान बाहेर काढली. "दगड केवढे?" तिने विचारले.

"असतील वीतभर. पण आजी, तुमचा काय संबंध? तुम्ही कुठे बांधावरून जाता?"

 कासवीण लगेच निघाली.

कासवाची चाल तुम्हाला ठाऊक आहे. तळ्याचा काठ चढायला, बांध ओलांडायला आणि पलीकडचा उतार उतरायला तिला तिसऱ्या दिवसाची दुपार झाली. तिसरी ओहोटी सरत आली होती. वरच्या बाजूला सगळे जमले होते, तडजोड झाली होती. बांधाच्या डाव्या अंगाने चालणाऱ्यांची वाट, उजव्या अंगाने धावणाऱ्यांची आणि गोळे ढकलणाऱ्यांची, आणि दोन्ही कडांना या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड. सगळे खूश होते. आणि खाली एका कोपऱ्यात कासविणीने चिखलात पाय टाकला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पावले उमटली. साळिंदराने खुणेला रोवलेल्या एका काट्यावर बसलेल्या साळुंकीने ती पाहिली. तिच्याखेरीज कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. तेवढ्यात भरती लागली. पाणी हलकेच आले आणि चिखलाचा तो कोपरा आधी झाकला गेला.

साळिंदर पावले वाचत वाचत तिथवर आला, तेव्हा कासवीण घोटाभर पाण्यात उभी होती. मला बोलायचे आहे, असे ती म्हणाली. साळिंदराने नम्रपणे पाऊल दाखवायला सांगितले. ते इथेच होते, पाणी आले, असे तिने सांगितले.

साळिंदर अडचणीत पडला. तो कठोर नव्हता. "आजी, चिखलात आहे तेवढंच मी वाचतो," तो म्हणाला. "आज तुमचं धरलं, तर उद्या कोणीही येऊन म्हणेल, माझं पाऊल वाहून गेलं. मग नियम कशाला?"

कासविणीने मान वळवून सगळ्यांकडे पाहिले आणि विचारले, "कोणी पाहिलं का?"

साळुंकीने चोच उघडली. मग तिला ससा दिसला. तो तिच्याचकडे बघत होता आणि आता ही काय बोलते याची वाटच पाहत होता. अर्धीमावशी हा शब्द तिला पुन्हा ऐकायचा नव्हता. तिने चोच मिटली. जन्मात पहिल्यांदा साळुंकी गप्प बसली, आणि नेमकी तिथे गप्प बसली.

कासवीण तरीही बोलली. "माझं पाऊल राहू दे. पलीकडच्या वाळूत माझी अंडी आहेत. पिल्लं निघाली की त्यांना हा बांध ओलांडायचा आहे. ती तर अजून जन्मलीही नाहीत. त्यांची पावलं मी कुठून आणून दाखवू?"

 सशाने सांगितले, की कड वीतभरच तर आहे, चढतील की पोरे. ते ऐकून सगळ्यांना जरा बरे वाटले. बरे वाटले म्हणून पुढे कोणी विचार केला नाही. कासवीण पाण्यात वळली आणि आली तशी परत निघाली.

चार दिवस बांध बंद राहिला. सगळे जंगल कामाला लागले. कोणी दगड ओढले, कोणी माती दाबली. भुंग्याने हट्ट धरून कडेचे दगड आतून-बाहेरून घासून घेतले, म्हणजे गोळ्याला ओरखडा नको. आणि खरेच सांगते, वाट फार सुरेख झाली. पाचव्या दिवशी रानडुकरीण आपली पिल्ले ओळीने घेऊन त्या वाटेवरून बेटावर गेली. एकाचाही पाय घसरला नाही. मागच्या वर्षी जिथे तिचे पिल्लू गेले होते, तिथे ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग पुढे चालू लागली. ज्या वाटेने एका आईच्या जिवाचा घोर गेला, ती वाट वाईट कशी म्हणावी?

त्यानंतर तीनचार दिवसांनी, सकाळी, साळुंकी किडे टिपायला खाडीकाठी गेली. वाळू हलताना दिसली. आधी एक इवलेसे डोके वर आले, मग दुसरे, मग वाळूच उकळल्यासारखी झाली. साळुंकीने मोजली. एकवीस पिल्ले होती, एकेक चिंचोक्याहून जरा मोठे. सगळ्यांची तोंडे तळ्याच्या दिशेला. त्यांना कोणी सांगितले नव्हते, पण गोड्या पाण्याचा वास त्यांना येत होता. ती उतार चढून आली आणि दगडाला थडकली.

दगड गुळगुळीत होता. पिल्लू पुढचे पाय टेकवी, जेमतेम अर्धा अंगठाभर वर जाई आणि उताणे पडे. पडलेल्याला उलटता येईना. काही पिल्ले कडेकडेने चालू लागली, पण कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. ऊन वर येत होते. आणि बांधाच्या दुसऱ्या अंगाला, तळ्याच्या बाजूच्या कडेशी, कासवीण उभी होती. तिलाही तो दगड चढता येत नव्हता. पिल्लांचे इवलेसे पाय दगडावर घासत होते, ती खरखर तिला ऐकू येत होती. वर आभाळात दोन घारी फिरू लागल्या.

साळुंकी करंजापासून बेटापर्यंत ओरडत गेली. ससा वाटेवर भेटला. "आता काय बंद झालं, मावशी?" त्याने विचारले. त्या वेळी तिला लाज वाटायलाही सवड नव्हती.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," ती म्हणाली. "नुसता चल आणि बघ."

सगळ्यांत आधी रानडुकरीण पोचली. तिला कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. तिने मुसंडी मारली आणि खाडीकडचे दगड उखडले, मग तळ्याकडचे. भुंगा धावत आला आणि आपणच घासून घेतलेल्या दगडाखालची माती उकरू लागला. ससा मागच्या पायांनी माती उडवून उतार करू लागला. साळिंदर काटे फुलवून पिल्लांवर उभा राहिला, म्हणजे घारींना झडप घालता येऊ नये. पण घारींनी त्याआधीच काही पिल्ले उचलून नेली होती. जी उताणी पडली होती त्यांतली बरीच उन्हाने गेली. एकवीसपैकी नऊ पिल्ले तळ्यात उतरली. कासविणीने ती एकेक करून मोजली आणि मग बराच वेळ खाडीकडच्या अंगाला पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाऊलसभा भरली. कोणी बोलावली नव्हती, आपणहून सगळे आले. चिखलात सगळ्यात पहिले पाऊल साळुंकीचे होते.

"आजीचं पाऊल मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "पाच पावलं होती. तुम्ही हसाल म्हणून मी बोलले नाही."

कोणी हसले नाही. सशाने कान खाली घेतले. साळुंकी कासविणीकडे पाहत उभी राहिली. कासवीण म्हणाली, "तू बोलली असतीस तर यांनी ऐकलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. तू बोलली नाहीस, एवढं माहीत आहे."

साळुंकी मान खाली घालून बाजूला झाली. 

मग साळिंदर बोलला. रेघ आपल्या हातची आहे, असे त्याने कबूल केले. बांध म्हणजे या टोकाकडून त्या टोकाला जायची जागा, एवढेच त्याच्या डोक्यात होते. कोणाला तो आडवाही ओलांडावा लागतो, हे त्याने मनातही आणले नव्हते. पावले वाचताना किती उमटली ते तो पाहत होता, आणि कोणाची उमटली नाहीत हे त्याने एकदाही विचारले नव्हते.

वाट काही मोडली नाही. रानडुकरिणीची पिल्ले त्याच वाटेने जायची होती. पण दर दहा पावलांवर दोन्ही कडांचे दगड काढून तिथे मातीचे हलके उतार केले, आणि भुंग्याने आपला गोळा तेवढ्यापुरता आवरून न्यायचे कबूल केले. पाऊलसभेच्या नियमालाही एक भर पडली. आखणी करणाऱ्याने शेवटची रेघ मारण्याआधी बिळोबिळी, झाडोझाडी जायचे, तळ्याच्या काठाशी बसून हाक मारायची आणि जे आले नाहीत त्यांना विचारायचे. वर्षातून एकदा येणाऱ्यांना आणि अजून न जन्मलेल्या पिल्लांच्या आयांनाही. पाऊल वाहून गेले असेल, तर ज्याने पाहिले त्याचे बोलणे धरायचे. साळिंदराने हे सगळे नीट ऐकून घेतले आणि त्याच दिवशी पहिल्या बिळापाशी जाऊन उभा राहिला.

आणखी एक गोष्ट ठरली. वाळू हलू लागली, की आठ दिवस बांध बंद ठेवायचा. चालणाऱ्यांना बंद, धावणाऱ्यांना बंद, गोळे ढकलणाऱ्यांनाही बंद.

म्हणजे साळुंकीने उडवलेली बातमी थोडीशी खरी ठरली म्हणायची. बांध बंद झाला. पण आठच दिवस, सगळ्यांना सारखाच, आणि ज्या कारणासाठी झाला ते कारण त्या बातमीत नव्हतेच. पुढच्या वर्षी ही बातमी सांगायचे काम साळुंकीकडे आले. तिने प्रत्येक दाराशी जाऊन, किती दिवस आणि कशासाठी हे शेवटपर्यंत सांगितले. त्या आठ दिवसांत बांधावर कोणी फिरकले नाही. ससा एका टोकाला बसून राहिला. त्याला बेटावर जायचे होते, आणि समोरून छत्तीस पिल्ले एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे चालली होती. शेवटचे पिल्लू पाण्यात उतरेपर्यंत तो हलला नाही.

तात्पर्य : सगळ्यांच्या उपयोगाचे काही उभे करताना जे सभेला आले त्यांना विचारावे, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या दाराशी आपण जावे. आणि बाळांनो, आपण जे डोळ्यांनी पाहिले ते हसू होईल म्हणून दडवू नये. आपल्या गप्प राहण्याची झळ दुसऱ्याच कोणाला तरी लागते.